चार तास टिकणारी गाडी

बुलढाणा जिल्ह्याला मोटारींच्या शर्यतीचा इतिहास नाही. शर्यतीचा मात्र आहे. आमच्याकडे तिला शंकरपट म्हणतात. बैलांची जोडी सुटते, धूळ उडते आणि माणसं ओरडायला तोंड उघडतात तोवर निकाल लागलेला असतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. मधल्या काळातही गावात पटाच्या गप्पा थांबल्या नव्हत्या. कोणाची जोडी किती सेकंदांत गेली होती, हे लोकांना आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं आठवतं.

मी ज्या शर्यतीबद्दल लिहितोय तिची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी एक छोटी, एका माणसाची गाडी स्वतः बांधायची, ती मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला न्यायची आणि खड्डे, उंचवटे, दगड, चिखल अशा ट्रॅकवर सलग चार तास पळवायची. स्पर्धेचं नाव ‘बाहा एसएईइंडिया’. २००७ साली ती भारतात सुरू झाली. मी कॉलेजात असताना आमच्या जिल्ह्यातूनही आम्ही एक गाडी नेली होती. तिचं स्टिअरिंग भंगारातल्या मारुती ८०० चं होतं, गिअरबॉक्स मालवाहू तीनचाकीचा होता आणि सांगाड्याचे जोड ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका दुकानात शिकून केलेले होते.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्या गाडीतला एकही नटबोल्ट माझ्या रोजच्या कामाचा नाही. तरी गेल्या दोन-तीन वर्षांत मी मोटारशर्यतींच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि माझं एक मत बनत गेलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा इतिहास आपण वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. प्रत्यक्षात तो दुरुस्तीचा इतिहास आहे. स्वस्त, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत तर दुरुस्तीशिवाय दुसरं काही उरतच नाही. तसं असेल, तर एकही मोटार कारखाना नसलेल्या आमच्या जिल्ह्याचं या इतिहासाशी नातं काय, हा प्रश्न मला सोडवत नाही.

वेगाला बक्षीस नव्हतं

मोटारींची पहिली स्पर्धा म्हणून जिचं नाव घेतात ती २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ या सुमारे १२६ किलोमीटरच्या रस्त्यावर झाली. ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने ती भरवली होती. रुआँला सगळ्यात आधी पोहोचली ती काउंट द दिओंची वाफेवर चालणारी गाडी. पण पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही. स्पर्धेची अट वेगाची नव्हतीच. गाडी सुरक्षित असावी, हाताळायला सोपी असावी आणि प्रवासात खर्चिक नसावी, अशी होती. द दिओंच्या गाडीत कोळसा टाकायला वेगळा माणूस लागत होता. पहिलं बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पेजो आणि पानार-लव्हासोर यांना विभागून दिलं गेलं.

ही गोष्ट मला फार आवडते. मोटारशर्यतीच्या जन्मदिवशीच ‘पहिला कोण’ आणि ‘चांगली गाडी कोणती’ हे दोन प्रश्न वेगळे केले गेले होते. पुढे ते पुन्हा एक झाले, कारण पहिला कोण हे बघायला सोपं असतं.

मे १९२३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्स इथे पहिली २४ तासांची शर्यत झाली, तीही याच कुळातली. तिथे उतरायच्या गाड्या म्हणजे लोक प्रवासाला वापरतील अशा गाड्या. ३३ गाड्या सुटल्या आणि ३० शेवटपर्यंत टिकल्या. सुरुवातीच्या वर्षांतला एक नियम आज विचित्र वाटेल: गाडी बिघडली तर चालकानेच ती दुरुस्त करायची, आणि तीही गाडीत आधीपासून ठेवलेल्या हत्यारांनी व सुट्या भागांनी. म्हणजे २४ तासांत काय काय मोडू शकेल याचा अंदाज आदल्या दिवशी बांधायचा आणि तेवढंच ओझं बरोबर घ्यायचं. जास्त घेतलं तर गाडी जड, कमी घेतलं तर घरी.

या धाग्यातलं एक टोक आपल्या मुंबईतूनही गेलं आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून सिडनीला जायला ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली असं करत त्या मुंबईला पोहोचल्या. तिथे सत्तरहून अधिक गाड्या ‘चुसान’ नावाच्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या गेल्या. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. ऑस्ट्रेलियात त्याचं इंजिन दुखावलं, तेव्हा सहकाऱ्याच्या गाडीतले भाग काढून त्याला लावले. पुढे डिफरन्शियल गेला, तर रस्त्यात भेटलेल्या एका माणसाला पटवून त्याच्या स्वतःच्या कॉर्टिनाचा काढून घेतला. इतकं करूनही तो मागे पडला. जिंकली अँड्र्यू कोवन आणि त्याच्या दोन साथीदारांची हिलमन हंटर. ही गाडी इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने रविवारी बाजारात न्यावी अशी साधी. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या वाटेत मोडत गेल्या आणि ती चालत राहिली.

जुन्या बीटलपासून

पीथमपूरच्या स्पर्धेचं नाव ‘बाहा’ का, हे आम्हाला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला ‘बाजा’ म्हणायचो आणि गावातल्या पोरांना वाटायचं की बँड पथकाची काहीतरी स्पर्धा आहे. बाहा हा मेक्सिकोचा पश्चिमेकडचा लांबट, वाळवंटी द्वीपकल्प. साठच्या दशकात तिथे धड रस्ते नव्हते. १९६२ मध्ये दोन मोटारसायकलस्वारांनी तो द्वीपकल्प ३९ तास ५६ मिनिटांत पार केला होता.

कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाचा एक माणूस फायबरग्लासच्या होड्या बनवायचा. त्याने १९६४ च्या सुमारास एक गाडी बनवली. जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यायची, वरचं पत्र्याचं कवच फेकून द्यायचं, खालची चासी साधारण ३६ सेंटिमीटरने कापून आखूड करायची आणि वर फायबरग्लासचं हलकं टप बसवायचं. नाव ठेवलं ‘मायर्स मँक्स’. एप्रिल १९६७ मध्ये त्याने आणि टेड मँगल्सने हाच द्वीपकल्प ३४ तास ४५ मिनिटांत पार केला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पहिली रीतसर शर्यत झाली, तीच पुढे ‘बाहा १०००’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यात व्हिक विल्सन आणि मँगल्स यांनी मँक्सच घेऊन २७ तास ३८ मिनिटांत बाजी मारली.

जुनी बीटलच का, याचं उत्तर अभियांत्रिकीचं आहे. तिचं इंजिन हवेने थंड होतं. रेडिएटर नाही, म्हणजे वाळवंटात फुटायला रबरी नळी नाही आणि उकळायला पाणी नाही. इंजिन मागे, चाकंही मागचीच फिरणार. म्हणजे वजन बरोबर त्या चाकांवर, आणि वाळूत पकड चांगली. शिवाय ही गाडी लाखोंनी विकली गेलेली, त्यामुळे सुटे भाग भंगारात पडलेले. मायर्सने त्या रचनेत नवा शोध लावला नाही, तिच्यातलं नको ते काढून टाकलं. त्याची नक्कल इतक्या जणांनी केली की तो पेटंटच्या खटल्यासाठी कोर्टात गेला आणि हरला. जी गोष्ट कुणालाही आपल्या अंगणात करता येते तिच्यावर मालकी सांगणं अवघडच.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी हीच कल्पना लहान आकारात आणली गेली आणि ‘मिनी बाहा’ सुरू झाली. तिचा सगळ्यात शहाणपणाचा नियम म्हणजे सगळ्यांना एकच इंजिन. आमच्या वेळी ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं, एका सिलिंडरचं, ३०५ सीसीचं आणि १० अश्वशक्तीचं होतं. या जातीची इंजिनं पाण्याचे पंप, जनित्रं आणि गवत कापायची यंत्रं चालवतात. त्याच्या आत हात घालायचा नाही. फेरे मिनिटाला ३८०० च्या वर जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर बसवलेला. एखाद्या आयआयटीच्या गाडीत आणि आमच्या गाडीत ताकद तंतोतंत सारखी. मग फरक कशात? वजनात, गिअरच्या हिशेबात आणि जोडांत.

भारतातही स्वस्तात शर्यत उभी करायचा असा प्रयत्न आधी झाला होता. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चं इंजिन लावून एक आसनी रेसिंग कार तयार केली, ती ‘फॉर्म्युला मारुती’. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. पण पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नरेन कार्तिकेयन याच फॉर्म्युला मारुतीच्या शाळेतून गेला. ज्या देशात मध्यमवर्ग पहिली गाडी घेण्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवत होता, त्या देशात रेसिंग शिकायची तर गाडी मारुतीचीच असणार.

आणि अलीकडचं टोक म्हणजे अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेली ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’. ‘ल मान्स’वरची ही कोटी, अमेरिकन बोलीत लेमन म्हणजे सतत बिघडणारी, गळ्यात मारलेली गाडी. अट अशी की गाडी ५०० डॉलरांच्या आत तयार झाली पाहिजे. मात्र चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक यांचा खर्च त्या ५०० मध्ये धरत नाहीत. स्वस्तपणा गाडीत करायचा, जिवात करायचा नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मिस्त्रींची आठवण आली. ते बिलात घासाघीस करू द्यायचे, पण ट्रॉलीच्या आकड्याला कमी जाडीचं लोखंड लावा म्हटलं की गिऱ्हाईक परत पाठवायचे.

भंगार आणि हिशेब

आता आमची गाडी. पिंजऱ्याला २५.४ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप. मोठ्या शहरांतल्या टीम ४१३० नावाचं क्रोमोली पोलाद वापरत. ते मजबूत, पण महाग आणि वेल्डिंगला नखरेल. आम्ही साधं १०१८ घेतलं. वजन वाढलं, पण आमच्याकडच्या हातांना ते लोखंड ओळखीचं होतं.

स्टिअरिंगला मारुती ८०० चा रॅक-पिनिअन. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या. त्यांतल्या पहिल्या पिढीच्या गाड्या आमच्या वेळी भंगारात निघत होत्या. रॅक लहान, हलका आणि कुठल्याही गॅरेजवाल्याला डोळे मिटून उघडता येणारा. ब्रेकचा मास्टर सिलिंडरही त्याच गाडीचा. स्पर्धेचा नियम होता की ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, म्हणजे एकातलं तेल गळलं तरी दुसरा चालेल. मारुतीच्या मास्टर सिलिंडरला ते दोन मार्ग कारखान्यातूनच आलेले होते. सामान्य कुटुंबाच्या सुरक्षेसाठी केलेली सोय आम्हाला भंगाराच्या भावात मिळाली.

गिअरबॉक्स महिंद्रा अल्फाचा. गावोगावचा भाजीपाला, सिमेंट आणि वरातीतली माणसं वाहणारी ही तीनचाकी. तिचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, इंजिनच्या लगेच मागे बसतात आणि घसघशीत ताकद देतात. पहिल्या गिअरला एकूण प्रमाण सुमारे ३१ ला १, चौथ्याला सात-साडेसात. इंजिनचा जोर साधारण १९ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत जाताना कागदावर तो ५९० च्या आसपास होतो. २३ इंची चाक धरलं तर पहिल्या गिअरमध्ये ताशी १३ किलोमीटर आणि चौथ्यात ५७. म्हणजे एवढ्याशा इंजिनाला चढही चढता येतो आणि मोकळ्या पट्ट्यात पळताही येतं. पोत्यांनी लादलेली गाडी घाटात न थांबता चढावी म्हणून कुणीतरी केलेला हा हिशेब. तो आम्हाला नव्याने करावा लागला नाही.

इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, मग दोघांची ओळख करून देणारा कपलिंगचा तुकडा लेथवर वेगळा करून घ्यावा लागतो. तो केंद्रापासून केसभरही सरकला तर हादरे बसतात आणि हादऱ्यांनी आधी बेअरिंग जातं, मग बाकीचं. या एका तुकड्यापायी आम्ही खामगावच्या लेथवाल्यांकडे जितके हेलपाटे घातले तितके परीक्षेच्या फॉर्मसाठीही घातले नसतील.

कापसाच्या मागोमाग आलेली माणसं

खामगावात लेथ कुठून आले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. त्याचं उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. खामगाव ही त्या काळातली वऱ्हाडातली मोठी कापूस बाजारपेठ. मुंबई-नागपूर लोहमार्ग मात्र तिला बगल देऊन जलंबवरून गेला होता. म्हणून जलंब ते खामगाव अशी छोटी शाखा टाकली गेली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. कापसाबरोबर सरकी काढायचे आणि गाठी दाबायचे कारखाने आले. त्यांच्याबरोबर वाफेची इंजिनं, लांबलचक शाफ्ट, पट्टे, पुल्या आल्या. आणि हे सगळं हंगामाच्या ऐन मध्यावर बंद पडलं तर मुंबईहून माणूस येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून इथेच दुरुस्त करणारे हात तयार झाले.

पुढे जिनिंगचा जोर ओसरला, शेतात ट्रॅक्टर आले. तशी रस्त्याकडेची वेल्डिंगची दुकानं वाढली. वखराची पास, डवऱ्याचे फाळ, मळणीयंत्राची जाळी, ट्रॉलीचा सांगाडा. आमच्या जिल्ह्यातली ट्रॉली काय भोगते ते पाहिलं पाहिजे. काळ्या मातीत चाकं रुततात, एका बाजूला तिरपी होते, तशीच ओढली जाते. क्षमतेच्या दुप्पट माल भरलेला असतो. चार तासांचं सोडा, चौदा-पंधरा हंगाम ती असं काढते. टिकाऊपणाची याहून कठोर चाचणी पीथमपूरच्या ट्रॅकवरही होत नाही.

ज्या दुकानात आम्ही वेल्डिंग शिकलो ते खामगावबाहेर, हमरस्त्याला लागून होतं. मिस्त्री साठीचे. आमच्या कॅडच्या प्रिंटआउटकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पिंजऱ्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बोट ठेवलं.

“इथं तडकन.”

“काका, वेल्डिंग पक्कं केलं तरी?”

“जोड कवाच तुटत नाही पोरहो. जोडाच्या बाजूले तुटते.”

आमच्या पुस्तकात यालाच उष्णता-बाधित पट्टा म्हणतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या लोखंडाचे गुण बदलतात. शिवाय जिथे जोडाचा फुगवटा संपून सपाट पाइप सुरू होतो त्या रेषेवर ताण एकवटतो. वारंवार हादरे बसले की चीर तिथूनच सुरू होते. त्या प्रकरणावर मला परीक्षेत चांगले गुण मिळाले होते. पण चित्रातल्या चाळीसेक जोडांपैकी नेमके कुठले दोन, हे बोट ठेवून सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. नंतर आम्ही संगणकावर ताणाचं विश्लेषण केलं. लाल रंग त्याच दोन कोपऱ्यांत आला.

त्यांच्याकडे उपायही होता: कोपऱ्यात तिकोनी पट्टी, म्हणजे आमच्या भाषेत गसेट. आणि पट्टीचं टोक चौकोनी ठेवायचं नाही, गोलावायचं, नाहीतर चीर तिच्या टोकाशी जाऊन बसते. हेही पुस्तकात असतं, पण ते शोधायचं कुठे हे कळायला आधी एक ट्रॉली मोडलेली पाहावी लागते.

नियमपुस्तिका आणि मिस्त्री

स्पर्धेचा एक नियम असा आहे की गाडीची कल्पना, आराखडा आणि बांधणी विद्यार्थ्यांनीच केली पाहिजे. व्यावसायिक अभियंत्यांचा किंवा कारागिरांचा थेट हात लागता कामा नये. नियम योग्य आहे. तो नसता तर श्रीमंत कॉलेजांनी कारखान्यातून गाड्या बनवून आणल्या असत्या. तपासणीत वेल्डिंगचे नमुनेही मागतात; ज्याने गाडी जोडली त्यानेच ते केलेले असले पाहिजेत. एक नमुना ओढून तोडतात, दुसरा मधोमध कापून आतला जोड पाहतात.

म्हणून मिस्त्रींनी आमच्या पिंजऱ्याला हात लावला नाही. आमच्यातला एकजण, नांदुऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अडीच महिने रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात राहिला. पहिले दोन आठवडे त्याला फक्त भंगार पाइपांवर टाके मारायला दिले. “घाई करू नको. लोखंडाले धगू दे जराक,” एवढंच ते म्हणायचे. शिकवायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पीथमपूरला त्या मुलाचा नमुना मशीनवर ओढला तेव्हा पाइप फाटला आणि जोड राहिला. म्हणजे चीर जोडाच्या बाजूला गेली. तपासनीसाने समाधानाने मान हलवली.

पण ज्या नियमाने आम्हाला पैशावाल्यांपासून वाचवलं, त्याच नियमाने मिस्त्रींना कागदावरून पुसलं. टीमच्या यादीत विद्यार्थ्यांची नावं होती, मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव होतं, प्रायोजकांच्या पाट्या गाडीवर होत्या. अहवालात ‘कौशल्य कुठून मिळवलं’ असा रकानाच नव्हता. यात कुणाची लबाडी नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्यावसायिक म्हणजे भरपूर पैसे घेणारा तज्ज्ञ होता. रस्त्याकडेच्या दुकानात मुलांना फुकट शिकवणारा माणूस त्यांच्या कल्पनेत बसत नव्हता.

गाडी टेम्पोत चढवून आम्ही मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा करत निघालो. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, इंदूरच्या अलीकडचा घाट चढलो आणि पीथमपूरला पोहोचलो. तिथे ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर बनवणाऱ्या कारखान्यांच्या रांगा. जवळच वाहन चाचणीचं सरकारी केंद्र. २०२१ मध्ये तिथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक सुरू झाला. आमचा ट्रॅक त्याच्या तुलनेत शेत नांगरून ठेवल्यासारखा होता.

शर्यतीच्या दुसऱ्या तासात एका उंचवट्यावरून आदळल्यावर पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या खालच्या दांडीला चीर गेली. जोडाच्या बाजूला. गाडी पिटमध्ये आणली. ठरवून दिलेल्या जागी नेऊन दांडी घासली, सरळ केली, आणि हत्यारांच्या पेटीत तळाशी कापडात गुंडाळलेल्या सहा तिकोनी पट्ट्या होत्या त्यांतल्या दोन लावल्या. त्या मिस्त्रींनी निघताना न मागता दिल्या होत्या. टोकं गोलावलेली, कडा तासलेल्या. ३८ मिनिटं गेली. चौथा तास संपला तेव्हा आमची गाडी स्वतःच्या चाकांवर चालत होती. अनेक चांगल्या, हलक्या, देखण्या गाड्या तोवर दोराने ओढून आणल्या गेल्या होत्या. बक्षीस आम्हाला कसलंच मिळालं नाही.

नोंद कुठे करायची?

माझ्या आताच्या धंद्यात याचं एक माप आहे. सर्व्हर किती वेळा पडला यापेक्षा, पडल्यावर किती मिनिटांत उभा राहिला हे आम्ही जास्त काटेकोरपणे मोजतो. प्रत्येक बिघाडानंतर एक टिपण लिहावं लागतं: काय तुटलं, का तुटलं, कुणाला आधी कळलं, पुढच्या वेळी काय करायचं. अशी हजारो टिपणं कंपन्यांमध्ये साठलेली असतात आणि नवा माणूस आला की त्याला ती आधी वाचायला देतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पंचविशीचा मुलगाही जुन्या चुकांचा वारस असतो.

ट्रॉलीच्या दुकानात असं टिपण नसतं. चाळीस वर्षांत मोडलेल्या शेकडो सांगाड्यांची नोंद एकाच माणसाच्या बोटात असते, आणि ते बोट प्रिंटआउटवर ठेवलं जातं तेव्हाच ती दिसते. जिनिंगच्या काळातल्या फिटरांची नोंद अशीच गेली. रेल्वेच्या शाखेचं उद्घाटन कुणी केलं हे मला सापडतं. ऐन हंगामात गाठी दाबायचं यंत्र कुणी चालू केलं, हे सापडत नाही. मायर्सचं नाव राहिलं, कारण त्याने शर्यतीत भाग घेतला आणि शर्यतीत वेळ लिहून ठेवतात. क्लार्कला डिफरन्शियल देणाऱ्याची गोष्ट राहिली ती क्लार्कमुळे. शर्यतींचा मला वाटणारा खरा उपयोग हाच आहे: एरवी कुणी मोजत नाही अशा कामावर त्या घड्याळ लावतात. स्वस्त गाड्यांच्या शर्यतीत तर ते घड्याळ पैशाकडून माणसाच्या हाताकडे वळतं.

म्हणून मला वाटतं की आमच्यासारख्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी गाड्या तर बांधाव्याच, पण सोबत आणखी एक काम करावं. दरवर्षी चार विद्यार्थ्यांनी चार दुकानांत बसून तिथे काय काय मोडून येतं, कुठून मोडतं आणि ते कसं जोडतात, याची चित्रांसह वही करावी. त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. खर्च काहीच नाही. फाळाचं झिजणं, आकड्याचं तुटणं, मळणीयंत्राच्या शाफ्टचं वाकणं: आमच्या मातीत लोखंड कसं वागतं याचा इतका मोठा प्रयोग दुसरीकडे कुठेही चालू नाही.

घाई करायला कारण आहे. २०१५ पासून बाहामध्ये विजेवरच्या गाड्यांचा वेगळा गट आला आहे आणि तो वाढणार. मारुती ८०० भंगारातही आता सहज मिळत नाही. गेल्या दिवाळीला त्या दुकानात गेलो तर आवारात एकही ट्रॉली नव्हती. सौर पंपांचे सांगाडे उभे होते. मिस्त्रींचं दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो. काका बाजूला खुर्चीवर बसलेले असतात आणि मधूनच एखाद्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात. पुतण्या तिथे खडूने फुली मारतो. सांगाडा रंगायला गेला की ती फुली रंगाखाली जाते.